विश्वात स्थिर कोण?

पृथ्वीशी संपर्क तुटलेल्या यानाला आपला वेग कळेल का? कळेल, आणि त्यासाठी माणसाने पाठवलेला एकही संदेश लागणार नाही. पेन्झियस आणि विल्सन यांनी १९६५ साली जाहीर केलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण सगळ्या दिशांनी येतच असते. त्याचे तापमान २.७२५ केल्विन. यान ज्या दिशेने जाते तिकडून येणाऱ्या लहरी डॉप्लर परिणामामुळे किंचित आखडतात आणि तेवढे आकाश जरा उबदार भरते. पाठीमागचे तितकेच थंड. हा फरक जेमतेम ३.४ सहस्रांश केल्विनचा, पण त्यावरूनच सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सिंह राशीच्या बाजूला चालली आहे हे कळले. सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या प्लँक यानाने तर स्वतःच्या या गतीमुळे पडणाऱ्या फरकावरच आपली उपकरणे जुळवून घेतली.

इथे मोह होतो तो असा: ज्याला हे आकाश चहूबाजूंनी सारखेच उबदार दिसते तोच खरा स्थिर, म्हणजे न्यूटनचे निरपेक्ष अवकाश अखेर हाती लागले. कर्म, म्हणजे गती, द्रव्यातच राहते असे मानणाऱ्या वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांनाही हे रुचले असते. पण यानाला सगळीकडून बंद करा, बाहेरचा एकही किरण आत येऊ देऊ नका; मग आतल्या कोणत्याही प्रयोगातून तो ३७० चा आकडा निघत नाही. आर्यभटाच्या दृष्टांतातल्या नावेतील माणसाला काठ मागे सरकताना दिसतो. यानाला काठ मिळाला आहे तो प्रारणाचा, एवढेच. यावर कोणी म्हणेल, हा काठ साधा नव्हे, तो विश्वभर पसरलेला आहे. आक्षेप वजनदार आहे. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे म्हणतो तेही याच काठावर उभे राहून. तरी पण दोन दूरच्या दीर्घिका घ्या. समजा, दोघींनाही आकाश सर्वत्र सारखेच उबदार दिसते, म्हणजे दोघीही ‘स्थिर’. आणि तरीही विश्वाच्या प्रसरणामुळे त्यांच्यातले अंतर वाढतच राहते. निरपेक्ष स्थिरता या शब्दाला इथे अर्थच उरत नाही. उरतो तो संबंध. गती आणि गंता, म्हणजे जाणारा, एकमेकांवाचून सिद्ध होत नाहीत, असा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा युक्तिवाद आहे. तेव्हा वेग सांगणाऱ्याने तो कशाच्या संदर्भात, हेही सांगावे. ३७० किलोमीटर हे त्या प्रारणाच्या संदर्भातले; त्याच सूर्याचा वेग आकाशगंगेच्या केंद्राच्या संदर्भात सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर भरतो, आणि दोन्ही मोजमापे बरोबर आहेत.