मागे राहिलेल्यासाठी थांबणारी शाळा



दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. टाळ्या वाजतात, आईवडिलांचे चेहरे फुलतात. ते योग्यच आहे. त्या गुणांमागे मेहनत असते. पण त्या रविवारी नापास झालेला मुलगा कुठे असतो? बहुधा तो मिस्सालाच येत नाही. शिक्षण माणसाला मुक्त करते, असे आपण म्हणतो. मग शिक्षणापायीच एखाद्याला तोंड लपवावे लागत असेल, तर ही मुक्ती कोणाची?

हाच प्रश्न इटलीतील एका धर्मगुरूंना पडला होता. फादर लोरेन्झो मिलानी हे सधन घरातले. त्यांची मते अनेकांना रुचली नाहीत आणि १९५४ साली त्यांची नेमणूक फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या लहानशा धर्मग्रामात झाली. तिथे ना धड रस्ता होता, ना वीज. शेतकऱ्यांची मुले सरकारी शाळेत नापास होऊन घरी बसत. फादरांनी त्यांच्यासाठी शाळा काढली. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले आणि तिला सुटी नसे. मुले रोजचे वर्तमानपत्र वाचत, त्यावर चर्चा करीत. मोठी मुले लहानांना शिकवीत. एखाद्याला धडा समजला नाही, तर त्याला समजेपर्यंत सगळे थांबत.

फादर मिलानींचा भर भाषेवर होता. ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही, दुसऱ्याचे बोलणे नीट समजत नाही, तो कायद्याने स्वतंत्र असूनही परावलंबीच राहतो. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवणारा माणूस आपल्याकडेही होताच की! १९६७ साली बार्बियानाच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक लिहिले. गरिबांची मुलेच जास्त नापास का होतात, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवले. जी मुले शाळेने टाकून दिली होती, त्यांनीच शाळेला प्रश्न विचारला. त्याच वर्षी २६ जून रोजी फादर वारले. २०१७ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

संत थॉमस अक्विनास शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. वैद्य औषध देतो, पण बरे होते ते रोग्याचे शरीर. तसेच शिक्षक ज्ञान ओतत नाही. विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धी जागी व्हावी म्हणून मदत करतो. म्हणजे पाठांतर करून मिळवलेले नव्वद टक्के आणि स्वतः विचार करण्याचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्य मुक्त करते असे प्रभू येशूने सांगितले; गुणपत्रिका मुक्त करते असे नाही.

कोणी म्हणेल, “फादर, मागे राहिलेल्यासाठी थांबलो तर हुशार मुलांचे नुकसान होईल.” शंका रास्त आहे. पण दुसऱ्याला गणित समजावून पाहा. आपल्याला ते खरोखर किती समजले आहे, हे तेव्हाच कळते. शिवाय जो एकटाच वर चढतो, तो गरिबीतून सुटेल, चांगली नोकरी मिळवील, परदेशीही जाईल. पण स्वार्थातून सुटेलच असे नाही. स्वतःपलीकडे पाहता येणे हेही स्वातंत्र्यच आहे.

आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात शिकणारे युवक-युवती आहेत. नापास झालेल्या मुलासाठी पुरवणी परीक्षा असते, आणि तिला फार दिवस नसतात. आपल्या आळीत असे मूल असेल तर त्याच्या घरी जा. उपदेश नको, दुसऱ्या मुलांशी तुलना नको. पुस्तक उघडा आणि त्याच्या शेजारी बसा. ज्यांचा सत्कार होतो, त्यांनीही आठवड्याचे दोन तास त्याला द्यावेत. मग पुढच्या सत्काराच्या रविवारी तोही मिस्साला येईल, आणि मागच्या बाकावर बसणार नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू