देव्हारा, चार हजार

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं आणि उद्यमबाग मागं पडली की पिरनवाडी येते. इथूनच जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्याला जाणारा रस्ता फुटतो. दुकानांच्या पाट्या कन्नड, गल्लीतलं बोलणं मराठी, आणि रात्री जेवणं उरकली की घरोघरी मराठी मालिका. गोष्ट 2016 सालच्या हिवाळ्यातली आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास गल्लीतला एक टर्नर वारला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. रात्रपाळीहून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. त्याची ही दुसरी बायको, वयानं बरीच लहान. माहेर निपाणीचं, म्हणून सगळे तिला निपाणीची म्हणत. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या नावावर दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यावर धाकट्या दिराचा डोळा होता.

दिवाळीच्या तोंडावर झी मराठीवर ‘100 डेज’ सुरू झाली. रात्री साडेदहाची वेळ. त्यात तेजस्विनी पंडित राणी सरदेसाई झाली होती. घर श्रीमंत, नवरा वयानं मोठा, त्याच्या खुनाचा संशय हिच्यावर आणि तिच्या मागावर आदिनाथ कोठारेचा इन्स्पेक्टर. गोड बोलणारी, डोळ्यांतलं काही कळू न देणारी ही खलनायिका तेजस्विनीनं इतकी सुरेख उभी केली होती की, बायका तिला मनापासून शिव्या द्यायच्या. नटीला याहून मोठी पावती कुठली?

पण अशा मालिकेनं आणखी एक गोष्ट होते. बंद दाराआड काय चाललंय ते पोलिसाच्या आधी प्रेक्षकाला दिसतं. त्यामुळे रोज अर्धा तास आपण तपास करणाऱ्यापेक्षा शहाणे असतो, आणि हे शहाणपण अंगात भिनतं. टीव्ही बंद केला तरी ते उतरत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर गेलं की शेजारणीच्या बंद दाराआडचंही आपल्याला कळलंय, असं वाटू लागतं.

“म्हाताऱ्या नवऱ्याला मारून बघ कशी साळसूद बसलीया ती राणी,” एकीनं म्हटलं.

“आपल्या गल्लीत पण हाय की एक,” दुसरी म्हणाली.

दोघी हसल्या. बोलणं तेवढंच झालं. पण आठवड्याभरात निपाणीचीला पाठीमागं राणी म्हणायला सुरुवात झाली, आणि महिन्याभरात त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. त्या रात्री कितीतरी घरांत नवऱ्याच्या आधी बायकोच्या पोटात गोळा आला. भाजीतून, दुधातून, माहेरच्या ओवाळणीतून वाचवलेले आणि नवऱ्याच्या नजरेपासून जपलेले ते पैसे. दारूच्या पायी, नाहीतर दिराच्या कर्जाच्या पायी जाऊ नयेत म्हणून दडवलेले. अनेकींचं बँकेत खातं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांचं पासबुक नवऱ्याच्या ताब्यात.

निपाणीचीचं स्वतःचं खातं होतं आणि पासबुक तिच्याच पेटीत असायचं. हे शिकवलं होतं तिच्या आईनं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. निपाणीतल्या वखारीच्या बायका 1980 च्या सुमारास मजुरीसाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ती त्यांत होती. लिहून ठेवलेलं नसलं की मजुरी बुडते, असं ती लेकीला सांगायची.

सगळ्यांत आधी आली ती समोरच्या घरातली आत्ती. वय सत्तरीचं, सगळ्या गल्लीची आत्ती. पदराखालून तिनं पुरचुंडी काढली.

“चार हजार हायत गे. देव्हाऱ्यात ठेवल्ते. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.”

“द्या इकडं. मी भरून येतो की,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो.

आत्तीच्या मागं आणखी सहाजणी आल्या. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात भरू नका, असं सरकार बजावत होतं. घरोघरच्या बायकांची अडीच लाखांपर्यंतची शिल्लक कुणी विचारणार नाही, असंही सांगत होतं. निपाणीचीनं दोन्ही ऐकलं होतं. तरी तिनं कुणाला परत पाठवलं नाही. एक वही केली आणि त्यात कुणाचंही नाव न लिहिता, पैसे जिथं लपवले होते ती जागा लिहिली. देव्हारा, चार हजार. रव्याचा डबा, साडेसहा. जुनी उशी, अकरा. तांब्याचा हंडा, नऊ. पोटमाळा, पंधरा. शिलाई मशीन, आठ. कोनाडा, दहा. एकूण साडेत्रेसष्ट हजार. वही कुणाच्या नवऱ्याच्या हाती पडली तरी त्याला काही कळू नये, एवढाच तिचा हेतू.

भरणं एक वेळ सोपं, काढणं अवघड. आठवड्याला 24 हजारांची मर्यादा, आणि बँकेतच नोटा नसल्या की तेवढेही मिळत नसत. ती पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिली. दर खेपेला जे मिळेल ते आणून अंधार पडल्यावर घरोघर पोचवलं, पुढं टीक केली.

गल्लीला मात्र वेगळंच दिसत होतं. नवरा जाऊन महिना झाला नाही तोवर ही नोटांची पिशवी घेऊन बँकेत जाते, परत परत जाते, आणि रात्री अंधारात बाहेर पडते. मालिकेतल्या राणीसारखंच की! दिरानं ते उचललं. भावाला काहीतरी खायला घातलं असणार, असं तो पानाच्या टपरीवर बोलू लागला. किराणा दुकानदारानं उधारी थांबवली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिच्या हातचा प्रसाद कुणी घेतला नाही.

मला राग येतो तो दिराचा नाही. घरासाठी खोटं बोलणारा दीर प्रत्येक गावात असतो. त्या सातजणींना पैसे कुणाचे ते ठाऊक होतं. पिशवीत काय होतं आणि ती अंधारात कुठं जात होती, हेही ठाऊक होतं. सातहीजणी गप्प राहिल्या, आत्तीसुद्धा. खरं सांगायचं तर आधी आपलं लपवलेलं सांगावं लागणार होतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी आत्तीच्या घरी टीव्हीवर ‘मी सिंधुताई सपकाळ’ लागला. अनंत महादेवनचा 2010 चा सिनेमा. नात बघत होती, आत्ती वाती वळत बसली होती. पडद्यावर पोटुशी बाई. गावातल्या एका दांडग्यानं तिच्याबद्दल खोटंनाटं पसरवलेलं, नवऱ्यानं ते खरं धरून तिला लाथा घालून बाहेर काढलेलं. ती गोठ्यात बाळंत होते. आत्तीच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“ही कोण गे? कुठंतरी बघितल्यासारखी वाटालीय.”

“आज्जी, ही तेजस्विनी पंडित. तुझी राणी!”

“ती खुनी?”

“व्हय. आणि पुढं म्हातारी सिंधुताई येते न्हवं, ती हिची खरी आई. ज्योती चांदेकर.”

सिंधुताई सपकाळांचं हे खरंच घडलेलं होतं. वर्धा जिल्ह्यातली बाई, विशीत घराबाहेर काढली गेली आणि पुढं शेकडो अनाथांची माय झाली. आत्तीला त्यांचं नाव माहीत होतं. पण तिचं लक्ष त्या चेहऱ्यावरून हलेना. रात्री ज्या चेहऱ्याला ती बोटं मोडत होती, तोच आता गोठ्यात तळमळत होता, आणि तिला रडू येत होतं. चेहरा तोच. लेखकानं सांगितलं म्हणून एकदा खुनी, एकदा निर्दोष. मग समोरच्या घरातल्या पोरीची गोष्ट कोण लिहीत होतं? आत्तीनं रात्री टीव्ही लावला नाही. झोपही आली नाही.

पुढच्या रविवारी दिरानं देवळात गल्लीतल्या मोठ्या माणसांना बोलावलं. वहिनीनं घर सोडून माहेरी जावं, एवढंच त्याचं मागणं. पुरावा म्हणून त्यानं वही बाहेर काढली. निपाणीची पाण्याला गेली असताना पेटीतून उचललेली.

“बघा, नावं नाहीत. हे काय लिवलंय? जुनी उशी, अकरा हजार! तांब्याचा हंडा, नऊ हजार! भावाचे पैसे कुठं कुठं दडवले त्याचा हिशेब हाय हा.”

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. बायकांच्या बाजूला हालचाल नाही. निपाणीची खांबाशी उभी होती. तिला एकेक नाव घेता आलं असतं. तिनं घेतलं नाही.

“देव्हारा वाच,” आत्ती म्हणाली.

“आँ?”

“देव्हारा किती लिवलंय ते वाच.”

“चार हजार.”

“ते माझे.” आत्ती उठली. नवरा पुढच्याच रांगेत होता, त्याच्याकडं बघूनच ती बोलली. “वीस वर्सं साठवल्ते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ते ठेवला नसता. हिनं बँकेत भरून दिले आणि पै न् पै आणून दिली. आणि ही पोरगी तीन महिने शिव्या खात असताना मी गप बसलो.”

आत्तीचा नवरा काही बोलला नाही. त्याला बोलायला वेळच मिळाला नाही, कारण मागून कुणीतरी म्हणालं, “उशी माझी.” मग रव्याचा डबा बोलला, हंडा बोलला. पोटमाळ्याची मालकीण बोलता बोलता रडू लागली. शिलाई मशीनवाली सगळ्यांत तरुण, ती सासूच्या देखत हात वर करून उभी राहिली.

दिराच्या कपाळावर घाम आला होता. तरी त्यानं बोट वहीवर ठेवलं. “आणि ह्यो कोनाडा? दहा हजार. ह्याला कुणी मालक नाही. हेच भावाचे.”

कुणी बोललं नाही. दिराची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. आत्तीनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग निपाणीचीकडं.

“सांग गे,” आत्ती म्हणाली, “कोनाडा कुणाचा?”

“ज्यांचा हाय त्यांना पैसे पोचलेत. पुढं टीक हाय बघा,” निपाणीची म्हणाली. “नाव ज्यांचं त्यांनी सांगायचं. मी नाही सांगणार.”

आणि ती पुढं झाली, दिरासमोर हात धरला.

“वही माझी हाय, भावजी. द्या इकडं.”