यंत्रापुढे बसणार कोण?

आषाढीच्या तयारीत आमच्या दिंडीपुढे एक प्रश्न आला, तो तुमच्यापुढे ठेवतो. प्रश्न लॅपटॉपचा आहे. हसू नका. तुमच्या दिंडीतही आज ना उद्या तो येणार.

आमची दिंडी सेलू तालुक्यातली. घोराडला केजाजी महाराजांचं दर्शन घ्यायचं, वर्ध्याहून रेल्वेने पुणं गाठायचं आणि आळंदीहून माउलींच्या पालखीसोबत चालायचं, असा आमचा नेम. माणसं दोनशेच्या आसपास. कुणाची भिशी जमा झाली, कुणाची राहुटी कुठली, कुणाला साखरेची गोळी लागते, वाटेत काही झालं तर घरी कुणाला फोन करायचा, हे सगळं पूर्वी वहीत असे. बारा वर्षांपूर्वी एका माउलीने लॅपटॉप दिला, तेव्हापासून त्यात असतं. आता त्याचं बिजागर सुटलंय, म्हणून पडद्याला मागून पाट टेकवावा लागतो. बॅटरी दहा मिनिटं टिकते. आणि 'ट'ची कळ अडकते. मराठी कळपाटावर 'ठ'ही त्याच कळीवर. म्हणजे विठ्ठलाचं नावच उमटेना! जुन्या यादीतून ते उचलायचं आणि चिकटवायचं, असं दोन वर्षं चाललं होतं.

नवा घ्यावा का, यावर मंडपात बैठक झाली. एक ज्येष्ठ माउली म्हणाले, "पुंडलिकाने देवाला काय दिलं? हाताशी होती ती वीट. पाट शोधत बसला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प होतो, कारण आदल्याच आठवड्यात मी वर्ध्याच्या बाजारात एक पातळ, चंदेरी लॅपटॉप हातात घेऊन पाहिला होता. दिंडीचं काम किती देखणं होईल, असं मनात आलं होतं. खरं म्हणजे तो मांडीवर घेतलेला मीच मला देखणा दिसत होतो. पैसा कुणाचा? शेतमजुरी करणाऱ्या बायांनी पदराच्या गाठीतून काढून दिलेल्या दहा-वीस रुपयांचा. म्हणून ज्येष्ठांचं म्हणणं मलाही पटलं, किंवा पटल्यासारखं दाखवलं.

त्याच दरम्यान काही कामाने वर्ध्यात मगन संग्रहालयात गेलो. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे संग्रहालय. चरखा सुधारण्यासाठी झटलेले मगनलाल गांधी १९२८ साली वारले, त्यांच्या नावाने ते उभं आहे. तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहताना एक जुनी हकिगत आठवली. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असं आपण सहज बोलून जातो. पण १९२९ साली चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटीही नेमक्या होत्या. चरखा हलका असावा, झोपडीत हातापायाने चालावा. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नसावी. वीस वर्षं टिकावा आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे साडेसात रुपये. आणखी एक अट होती: बाईला त्यावर फारसं न थकता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे.

माउली, या शेवटच्या अटीपाशी मी अडकलो. आमच्या बैठकीत आम्ही पाच पुरुष होतो. वीट काढली, पैसा मोजला, वैराग्य बोललो. पण त्या लॅपटॉपवर काम करतं कोण? आमच्या विणेकऱ्यांची सून. स्वयंपाकपाणी आटोपून, लेकरू निजवून, रात्री दहाला ती बसते. आम्ही जी बचत म्हणून मिरवत होतो, ती तिच्या डोळ्यांतून आणि झोपेतून वळती होत होती. काटकसर आमची, झीज तिची. पुंडलिकाने वीट फेकली ती सेवा थांबू नये म्हणून, त्याचे हात आईबापांच्या पायांवर होते. आम्ही त्याची वीट हातात घेतली आणि नेमकी सेवाच अडवून बसलो.

मग तिच्या घरी गेलो. विचारलं, तर आधी संकोचली. मग म्हणाली, "काकाजी, मले पातळ-बितळ नाही पाहिजे. अक्षर मोठं दिसलं पाहिजे, अन् लाईन गेली तं यादी अर्धी राहू नये. अन् ठ उमटला पाहिजे."

चंदेरी यंत्र तिथेच गळालं. बाकीचं त्या जुन्या अटींनी उलगडलं. वीस वर्षं टिकेल असा लॅपटॉप आज मिळत नाही, हे कबूल करू. यंत्र धडधाकट असलं तरी आतली प्रणाली म्हातारी ठरवतात. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात जुने झाले. पण पाच टक्क्यांची अट अजून लावता येते. पातळ यंत्रांत पुष्कळदा मेमरी मुख्य पाटीलाच डाखलेली असते, वाढवता येत नाही. जाडसर यंत्र उघडतं, त्यातली बॅटरी गावातला पोरगाही बदलतो. आम्ही एका कार्यालयातून निघालेला, वापरलेला, मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घेतला. नवी बॅटरी टाकली, आत नवी एसएसडी बसवली. नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च आला. दुकानदाराने मला जरा कीव केल्यासारखं पाहिलं, तेही खरं.

जुना फेकला नाही. इंटरनेट काढून तो बाजूला ठेवलाय, कारण आमच्या वैकुंठवासी कीर्तनकार महाराजांची टिपणं त्यात जुन्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. महाराजांनी चाळीस वर्षं जमवलेलं निरूपण त्या एका मोडक्या यंत्राच्या श्वासावर लटकून होतं. 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणणाऱ्या आम्हां पाचांपैकी एकाच्याही हे ध्यानात नव्हतं. सुनेला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आता जुना आणि नवा शेजारी ठेवून ती एकेक पान युनिकोडमध्ये आणते. परवा मीही बसलो, मी वाचतो, ती तपासते. यादी पूर्ण झाली. टिपणांची निम्मी पानं अजून बाकी आहेत.