धीराचा शब्द आणि त्यामागील निय्यत



आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर किंवा मय्यत झालेल्या घरी गेल्यावर आपल्या तोंडून जे शब्द निघतात, ते नेमके कुणासाठी असतात? "सर्व ठीक होईल", "धीर धरा", "अल्लाहची मर्जी". यांपैकी एकही शब्द वाईट नाही. तरीही पुष्कळदा आपण ते समोरच्याचे ओझे हलके व्हावे म्हणून नव्हे, तर त्याचे रडणे आपल्याला ऐकवत नाही म्हणून उच्चारतो. नमाज, रोजा, जकात यांच्या बाबतीत निय्यत तपासण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. सांत्वनाच्या शब्दामागील निय्यत मात्र आपण क्वचितच तपासतो.

पवित्र कुरआनमधील सूरह अल्-अस्र अवघ्या तीन आयतींची आहे. तोट्यातून वाचणाऱ्या माणसांची लक्षणे सांगताना तीत एकमेकांना हकची आणि सब्रची ताकीद देणे, या दोन गोष्टी जोडीने आल्या आहेत. आपण सब्र सांगतो आणि हक गाळतो. खुशामत तर आपल्याकडे सौजन्याच्या नावाखाली सहज खपते, पण एका माणसाने दुसऱ्याची वारेमाप स्तुती केली तेव्हा, तू आपल्या सोबत्याची मान कापलीस, अशा अर्थाचे कठोर शब्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला ऐकवले होते.

मग हक आणि सब्र एकत्र असलेला शब्द कसा असतो? पहिल्या वह्यीनंतर प्रेषित (स.) हिरा गुहेतून थरथरत घरी आले. अंगावर पांघरूण घालण्यास त्यांनी सांगितले आणि आपल्याला जिवाची भीती वाटते, असे म्हणाले. अल्लाह आपणास कधीही अपमानित करणार नाही, असे आदरणीय खदीजा (रजि.) यांनी सांगितले, परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी कारणे मांडली. आपण नाती जोडून ठेवता, दुर्बलांचा भार उचलता, ज्याच्याजवळ काही नाही त्याला मिळवून देता, पाहुण्याचा आदर करता, संकटात सापडलेल्यास मदत करता. हे सारे त्यांनी 15 वर्षांच्या संसारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून त्यांचा शब्द सांत्वनापेक्षा साक्षीच्या जवळचा होता. जो बाप मुलाची वही कधी उघडून पाहत नाही, त्याचे "तू हुशार आहेस, करशील" हे शब्द मुलाला पोकळ का वाटतात, हे येथे उमगते. साक्ष द्यायची तर आधी पाहिलेले असावे लागते.

त्यानंतर खदीजा (रजि.) प्रेषितांना (स.) आपले चुलतबंधू वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले, वृद्ध आणि दृष्टी गमावलेले गृहस्थ होते. मूसा (अ.) यांच्याकडे आलेला तोच हा दूत आहे, ही ग्वाही त्यांनी दिली, आणि त्याचबरोबर तुमची माणसे तुम्हाला गावाबाहेर काढतील, हेही सांगून टाकले. धीर द्यायला बसलेला माणूस असे बोलतो का? पण ऐकणाऱ्याला पुढे जे सोसायचे होते, ते लपवून दिलेला दिलासा त्या प्रसंगी कुचकामी ठरला असता. त्या दिवसापर्यंत जगलो तर पूर्ण ताकदीने तुमची साथ देईन, असे वचनही वरकांनी दिले. लवकरच त्यांचे निधन झाले. वचन पुरे झाले नाही, तरी ते खरे नव्हते असे कोण म्हणेल?

आपल्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यातही अशा शब्दाची एक हकीकत घडून गेली आहे. ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मुंबईच्या बैठकीसाठी कलकत्त्याहून निघाले, तेव्हा पत्नी जुलेखा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. त्या फक्त "खुदा हाफिज" म्हणाल्या. 9 ऑगस्टला मौलानांना अटक झाली आणि त्यांना या किल्ल्यात आणण्यात आले. पुढे पत्नीच्या गंभीर आजाराची बातमी आली. सरकारकडे काही विनंती असल्यास ती तातडीने पोहोचवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. सहबंदी जवाहरलाल नेहरू त्यांच्याशी या विषयावर बराच वेळ बोलले. उत्तर बदलले नाही. 9 एप्रिल 1943 रोजी बेगम वारल्या.

किल्ल्यात लिहिलेली मौलानांची पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने 1946 मध्ये प्रसिद्ध झाली. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली ही पत्रे तेव्हा पाठवण्याची सोय नव्हती. त्यांत मौलाना आपल्या सब्रची बढाई मारत नाहीत. वरवरची शांतता हे बरेचसे प्रदर्शन होते, आतून मन हलले होते, हे ते मान्य करतात. पत्नीचा तो निरोप प्रवासाला निघालेल्या पतीला नव्हता, प्रवासाला तर ती स्वतःच निघाली होती, असे त्यांना मागाहून वाटले. आवारातील एक जुनी, अनोळखी कबरही त्यांना आता आपलीशी वाटू लागली होती. एवढ्या मोठ्या आलिमाला जर हे कबूल करावेसे वाटले, तर "मुसलमान असून रडता काय?" असे एखाद्या विधवेला सुनावणारे आपण कोण? आपला मुलगा इब्राहीम वारला तेव्हा प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतही अश्रू होते.

मूतहच्या लढाईत जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या माणसांना एक साधी गोष्ट सांगितली : जाफरच्या घरच्यांसाठी जेवण बनवा, त्यांच्यावर जे ओढवले आहे त्यात त्यांना भान नाही. आपल्याकडे मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारच्या घरून भाकरी-कालवण जाते, ते याच सुन्नतला धरून आहे. डबा घेऊन गेलेल्या बाईला तेथे काय बोलावे हे सुचत नाही. ती ताट वाढते, पोरांना जवळ घेऊन जेवू घालते आणि उद्या सकाळी पुन्हा येते म्हणून सांगते.