सीमेवरचा पाहुणा



म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर गेले की बायलकुप्पे ही तिबेटी वसाहत लागते. आपण भारतीय तेथील सुवर्ण मंदिर सहज पाहून येतो. आपणांस कोणी काही विचारीत नाही. परदेशी पाहुण्यास मात्र तेथे मुक्काम करावयाचा तर गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. वसाहतीचे पहिले रहिवासी १९५९ मध्ये व त्यानंतर हिमालयाच्या खिंडी ओलांडून भारतात आले. तत्कालीन म्हैसूर राज्याने त्यांस जमीन दिली.

सीमा पायी ओलांडणे सर्वांनाच सारखे नसते. उत्तर प्रदेशातील सोनौली येथे कमानीखालून चालत नेपाळात जाता येते. भारतीयास व्हिसा लागत नाही. गर्दीबरोबर तो पलीकडे पोहोचतो. त्याच गर्दीतील दूरदेशीच्या प्रवाशाला मात्र अलीकडे निर्गमनाचा व पलीकडे प्रवेशाचा शिक्का घ्यावाच लागतो. विसरला तर माघारी यावे लागते. वाट एकच, पण एकाला मोकळी, दुसऱ्याला अडलेली.

नियम असावेत, याविषयी वाद नाही. प्रश्न आपल्या अंतःकरणाचा आहे. जो सहज पार होतो, त्याला मागे थांबलेला दिसत नाही.

पवित्र शास्त्रातील रूथ आठवा. मवाब देशाची ती विधवा सासूबरोबर वाट चालत बेथलेहेमास आली. बवाज स्वतःच्या गावात, स्वतःच्या शेतात होता. तरी सरवा वेचणारी परकी स्त्री त्याने पाहिली, तिची विचारपूस केली आणि तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकावयास गड्यांस सांगितले. त्याच रूथचे नाव मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत नोंदले आहे. बवाजाने तिच्याकडे पाहिलेच नसते तर?

म्हैसूरच्या सेंट फिलोमिना चर्चची कोनशिला १९३३ मध्ये महाराजा कृष्णराज वाडियार चौथे यांनी बसविली. ते ख्रिस्ती नव्हते. आपल्यालाही कोणीतरी जागा दिली आहे, हे आपण विसरू नये.

हिवाळा आला की आपल्या शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकाने मांडतात. आपण भाव पाडून घेतो आणि निघून येतो. त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपण कधी विचारले आहे काय? ‘मी परका होतो’ असे न्यायाच्या दिवशी म्हणणारा प्रभू कदाचित त्याच पदपथावर आपली वाट पाहत बसला असेल.

बंधुभगिनींनो, या पृथ्वीवर आपणही पाहुणेच आहो. एके दिवशी प्रत्येकाला शेवटची सीमा एकट्याने आणि रिकाम्या हातांनी ओलांडावयाची आहे. तेथे आपले स्वागत व्हावे अशी आशा आपण बाळगतो. तर आज आपल्या दाराशी थांबलेल्याचे स्वागत करू या.

हे प्रभो, जो थांबला आहे त्याला पाहण्याची दृष्टी आम्हांस दे. आमेन.