मोजणारे आणि ठरवणारे

पुण्याजवळचे पिंपळे सौदागर आज उंच इमारतींचे, आयटीतल्या नोकरदारांचे उपनगर आहे. शंभर वर्षांपूर्वी ते दख्खनमधले साधे शेतकऱ्यांचे गाव होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह या गावाची बारकाईने पाहणी केली. जमीन कोणाची, तिचे तुकडे किती, कर्ज किती, वर्षाकाठी घरात काय उरते, हे सगळे त्यांनी मोजले. १९१७ साली ती पाहणी पुस्तकरूपाने आली. त्यातला एक आकडा पुढे अर्थशास्त्राच्या कित्येक पुस्तकांत गेला : १७७१ साली या गावात एकेकाच्या नावावर सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती.

या आकड्याचे पुढे काय झाले, हे सांगण्यासारखे आहे. अनेकांनी त्यातून असा अर्थ काढला की तुकडे पडणे थांबवावे आणि विखुरलेली शेते एकत्र आणावीत. पण १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतांवर एक निबंध लिहिला आणि वेगळेच म्हणणे मांडले. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल, अवजारे आणि माणसे यांच्या प्रमाणावरून ठरते. आपल्याकडे जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार आणि भांडवल थोडे, तेव्हा खरा उपाय शेताबाहेर, उद्योगधंद्यांत शोधला पाहिजे. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात लहान शेतांविषयीचे विधेयक आले तेव्हा आंबेडकरांनी सभासद म्हणून त्याला विरोध केला. तुकडेबंदीचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. मोजणी आणि कायदा यांमध्ये तीस वर्षे गेली. शेताबाहेर रोजगार काढण्याचा जो मुद्दा आंबेडकरांनी मांडला होता, त्याला त्या कायद्यात जागाच नव्हती.

मोजणी झाली म्हणजे धोरण ठरले असे होत नाही. मध्ये वाद असतो, हितसंबंध असतात आणि आकड्याचा अर्थ लावणारी माणसे असतात. अभ्यासाचा देशाच्या नियोजनाशी संबंध जोडायचा म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे दीडशे वर्षांत अनेकदा बदलले.

पहिले उत्तर परक्या राजवटीतले होते. दादाभाई नवरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला आणि सरकारच्याच आकड्यांतून सरकारवर आरोपपत्र उभे केले. त्याच वर्षी सुरू झालेल्या भीषण दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सभेचे त्रैमासिक निघाले. या पिढीला धोरण ठरवण्याचा अधिकार नव्हता. अभ्यास म्हणजे तिच्या लेखी पुरावा होता.

दुसरे उत्तर घडवले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी, आणि ते समजून घेतल्याशिवाय महाराष्ट्राच्या गेल्या शतकाचा अर्थव्यवहार कळत नाही. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात भारत सेवक समाजाच्या आश्रयाने गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी, सोलापूर आणि पुणे शहरांच्या पाहण्या, अशी कामे संस्थेने हाती घेतली. घरोघरी फिरून केलेली ही कामे आहेत.

यातली गोदावरी-प्रवरा कालव्यांची पाहणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी अमदानीत कालवा फायद्याचा की तोट्याचा हे मुख्यतः पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरे. सरकारी तिजोरीत किती आले, एवढाच तो हिशेब. गाडगीळांनी कालव्याखालचा आणि कोरडवाहू मुलूख शेजारी शेजारी ठेवून पाहिला. शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले, मजुराला किती दिवसांचे जादा काम मिळाले, बाजारपेठेची उलाढाल किती फुगली, हे त्यांनी मोजले. कालव्याचा फायदा तिजोरीच्या कितीतरी बाहेर पसरलेला असतो हे त्यातून दिसले, आणि सार्वजनिक खर्चाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पुढे १९५० मध्ये त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. ज्या भागाचा हिशेब मांडला, त्याच भागातल्या शेतकऱ्यांबरोबर जोखीम घ्यायला अर्थतज्ज्ञ उभा राहिला, असे उदाहरण दुर्मीळ आहे.

स्वातंत्र्यानंतर अशा अभ्यासाला सरकार दरबारी मागणी आली. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे असा तिचा आवाका होता. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के, असे १९५४च्या अहवालात निघाले. पन्नास वर्षे सहकारी पतपुरवठ्याचा कायदा असूनही ही अवस्था! अहवालाच्या शिफारशींतून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिच्यावर लहान गावांत शाखा काढण्याची जबाबदारी आली. पाहणीपासून निर्णयापर्यंतचा इतका जवळचा रस्ता आपल्याकडे क्वचितच तयार झाला असेल.

त्या काळात नियोजन आयोगाने विद्यापीठांना संशोधनासाठी अनुदाने दिली, मूल्यमापनासाठी वेगळी यंत्रणा १९५२ मध्येच उभी केली. गाडगीळ १९६७ मध्ये आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या निकषांवर वाटायची याचे १९६९चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लोकसंख्येला ६० टक्के भार आणि बाकीचे दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू प्रकल्प आणि विशेष अडचणी यांना. केंद्राच्या मर्जीवर चालणारी वाटणी नियमात बसवण्याचे हे काम साधे नव्हते. तरीही या दुसऱ्या उत्तरात एक उणीव राहिली. अभ्यासकाने राज्यकर्त्याच्या शेजारी बसावे आणि सल्ला द्यावा, ही व्यवस्था त्या दोघांच्या गुणांवर टेकलेली असते. गाडगीळांसारखा माणूस त्या खुर्चीत प्रत्येक वेळी कुठून आणायचा?

तिसरे उत्तर गोखले संस्थेतल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या कामातून आले. १९७१च्या जानेवारीत त्यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च हा त्यांनी पाया धरला आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे १९६०-६१चे आकडे घेतले. गावात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये ही किमान रेषा निघाली. गावांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तिच्याखाली होती. आकडेमोडीवर पुढे कडाक्याचे वाद झाले. उष्मांकाच्या निकषालाच पां. वा. सुखात्मे यांनी आव्हान दिले. पण गरिबी किती हटली हे विचारायला आता सामान्य वाचकाच्या हातीही माप आले. ते सल्ल्याच्या रूपात मंत्र्याच्या दप्तरात गेले नाही, छापून सगळ्यांसमोर आले. माझ्या मते या साऱ्या विचाराला इथे खरे वळण मिळाले. जमिनीच्या वाटपाने सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा काम मागेल त्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असेही दांडेकर-रथांनी त्यात सुचवले होते.

हाच विचार महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही चालत आला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात रोजगाराचा प्रयोग केला होता. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. गावात काम नसते तेव्हा काय होते हे जाणणारे ते कार्यकर्ते होते. १९७२च्या दुष्काळाने या प्रयोगाची फार मोठी परीक्षा घेतली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसला. दांडेकर-रथांच्या अभ्यासातून योजना निघाली असे सरळ म्हणता येणार नाही, आणि नुसत्या राजकीय इच्छेतून निघाली असेही नाही. बांधावरचा प्रयोग, छापलेला हिशेब आणि मोर्चे काढणाऱ्या संघटना एकाच दशकात एकत्र आल्या. २००५च्या राष्ट्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता.

मजुरी किती द्यायची हेसुद्धा अभ्यासानेच हलवले. किमान वेतनासाठी पागे समितीने दिवसाला चार रुपये धरले होते. डॉ. अभय बंग यांनी त्या हिशेबात कष्टकऱ्याला लागणारा आहार आणि कुटुंबाचा खर्च कसा कमी धरला गेला हे दाखवून दिले. त्यांच्या मांडणीप्रमाणे मजुरी बारा रुपये यायला हवी होती. खडी फोडणाऱ्या बाईच्या पोटाला किती लागते, हा संशोधनाचा विषय आहे आणि त्याचे उत्तर चुकले तर लाखो घरांतली चूल चुकते, हे त्या अभ्यासाने शिकवले. पुढे राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत तो केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्तींमार्फत ती पद्धत देशभर नेण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. बारा वर्षे! यात जी बाळे गेली त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

अभ्यास गैरसोयीचा ठरला की काय होते, याचेही उदाहरण घरचेच आहे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८४च्या अहवालात रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांची राज्याची सरासरी काढून तिच्यापेक्षा मागे असलेल्या भागांचा अनुशेष रुपयांत मांडला होता. तो तीन हजार कोटींच्या वर गेला. ‘अनुशेष’ विधिमंडळाच्या चर्चेत कायमचा येऊन बसला. वैधानिक विकास मंडळे मात्र १९९४ मध्ये आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

आणि आज? आज अभ्यासापेक्षा मूळ मोजणीचीच काळजी वाटते. २०१७-१८च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत असे सरकारने २०१९ मध्ये ठरवले. त्यामुळे २०११-१२ नंतर पुढची पाहणी हाती यायला २०२४ उजाडले. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. रेशनच्या धान्याचे लाभार्थी २०११च्या लोकसंख्येवर ठरवले गेले, आणि तेव्हापासून वाढलेली माणसे त्या हिशेबाबाहेर राहिली. दांडेकर-रथांनी केले तसे काम आज कोणी करायचे म्हटले तर पाया म्हणून वापरायचे आकडेच तुटक आहेत.

दुसरीकडे विद्यापीठांत प्रबंधांचे ढीग आहेत. एखाद्या तालुक्यातल्या स्थलांतरावर, पाण्यावर, ऊसतोड कामगारांच्या मुलांवर चार-पाच वर्षे खपून लिहिलेला प्रबंध पदवी मिळाली की ग्रंथालयात जातो. ज्या तालुक्याविषयी तो आहे, तिथल्या पंचायत समितीत त्याचे पानही पोचत नाही. सरकारी खात्यांना अभ्यास हवा असतो तेव्हा त्या सल्लागार कंपन्यांना काम देतात. सहा महिन्यांत रंगीत सादरीकरण मिळते, आणि अनेकदा ते लोकांपुढे येतच नाही. मोजणारा आणि ठरवणारा यांच्यातले अंतर असे पुन्हा वाढते आहे, आणि मोजमाप सार्वजनिक असण्याची दांडेकरांच्या पिढीने मिळवलेली शिस्त आपण गमावत चाललो आहोत.

यावर मार्ग आहे, आणि त्यासाठी नवा आयोग नको. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्या आल्या. दरवर्षी त्या शेकडो कोटींचे आराखडे मंजूर करतात. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपल्या तालुक्यांची पाहणी दर दोन वर्षांनी त्याच पद्धतीने करावी आणि ती मराठीत छापावी. समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे ती ठेवणे बंधनकारक असावे. जिल्ह्यावरच्या प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश जिल्हा परिषदेला मिळावा. समितीला एखादी शिफारस नाकारायची असेल तर तिने खुशाल नाकारावी, पण कारण लिहून द्यावे. वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या जिल्ह्याचा या वर्षीचा आराखडा मागवा, त्यातली एखादी मोठी तरतूद घ्या, आणि ती कोणत्या पाहणीवरून ठरली हे आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी विचारा.