लक्षण ओळखलं, पुढे काय?

काही केल्या न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, धाप लागणं, बाळाची हालचाल मंदावणं. गरोदरपणातल्या धोक्याच्या लक्षणांची ही यादी तुम्हीही दवाखान्याच्या भिंतीवर वाचली असेल. यांतली काही लक्षणं बाळंतपणानंतरही दिसू शकतात.

अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित कारणांनी मूलनिवासी स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दगावतात. देशातले असे ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, असं तिथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. तेव्हा या स्त्रियांना लक्षणं शिकवायला हवीत, यात वाद नाही. पण 'तिला माहीत नव्हतं, म्हणून ती गेली' हे त्यामागचं गृहीतक तपासायला हवं. ते आपल्याला फार सोयीचं आहे. अज्ञान तिचं ठरलं की आपण सुटलो.

१९७६ साली अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयानं मूलनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या बारापैकी चार विभागांची पाहणी केली. १९७३ ते १९७६ या काळात तिथे स्त्रियांच्या ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. संमती घेण्याचे नियमही नीट पाळलेले नव्हते. ज्या घरातल्या आजीनं हे भोगलं, त्या घरातली नात आज दवाखान्याच्या दारात घुटमळली, तर तिला अडाणी म्हणायचं का?

समजा, ती घुटमळली नाही. लक्षण ओळखून निघाली. पण बाळंतपणाची सोय असलेलं रुग्णालय कित्येक मैलांवर आहे आणि घरात गाडी नाही. किंवा ती पोहोचली आणि 'गरोदरपणात डोकं दुखायचंच' असं ऐकून परत आली. जे करणं माणसाच्या हातात नाही, ते न केल्याचा दोष त्याला देता येत नाही, हे नीतिशास्त्रातलं जुनं तत्त्व आहे. नुसती यादी हातात देऊन आपण नेमका तोच दोष तिच्या पदरात टाकतो.

मला वाटतं, लक्षण शिकवणं म्हणजे वचन देणं: तू ये, आम्ही ऐकू. सीडीसीनं २०२० साली सुरू केलेल्या मोहिमेचं नावच 'हिअर हर', म्हणजे 'तिचं ऐका' असं आहे. तिच्यात मूलनिवासी स्त्रियांसाठी वेगळं साहित्य आहे, तसंच कुटुंबीयांसाठी आणि डॉक्टरांसाठीही आहे. वचन पाळायचं असेल, तर धडा दोन्ही बाजूंनी गिरवावा लागतो.

तुमच्या घरातली एखादी गरोदर मुलगी 'काहीतरी बरं वाटत नाहीये' म्हणाली, तर 'असं चालायचंच' हे शब्द तुमच्याही ओठांवर येतील. ते गिळा. आधी तिचं ऐका.